जोडीदार ब्लॅक, गे आणि लहानपणी मार खाल्लेला: त्याला बरं व्हायला मदत कशी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे. तुम्ही मूळचे साताऱ्याचे, आता अटलांटात राहता. जोडीदार चौतिशीचा, ब्लॅक, जॉर्जियातल्याच एका छोट्या गावात बॅप्टिस्ट चर्चच्या वातावरणात वाढलेला. ‘पोरीसारखा चालतो’ म्हणून वडिलांनी त्याला पट्ट्यानं मारलं. तेराव्या वर्षी भर चर्चमध्ये उभं करून, चारी बाजूंनी हात ठेवून, त्याच्यातलं ‘ते’ निघून जावं म्हणून प्रार्थना केली. आजही घरात दार आपटलं की तो सुन्न होतो, पहाटे तीनला घामाघूम होऊन उठतो. एकदा थेरपिस्टकडे गेला, पण तीन भेटींत सोडून दिलं. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाला, आजारी आईला भेटायला गावी जायचं आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारता: त्याला परत थेरपीला कसं पाठवू, घराशी संबंध तोडायला सांगू का, आणि ‘माझंही साताऱ्यात असंच झालं होतं’ म्हटलं की तो का चिडतो.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गाठ आहे. ज्या घरानं आणि ज्या चर्चनं त्याला वर्णद्वेषापासून वाचवलं, त्याच घरानं आणि त्याच चर्चनं त्याला गे असल्याबद्दल मारलं. वाचवणारे हात आणि मारणारे हात एकच होते. त्यामुळे कुणी ‘ते लोक वाईट होते, सोड त्यांना’ म्हटलं की त्याचा अर्धा आधार जातो, आणि ‘त्यांचं प्रेमच होतं, माफ कर’ म्हटलं की त्याची जखम खोटी ठरते. या दोन्ही गोष्टी एका खोलीत ठेवता येतील अशी जागा त्याला हवी आहे. उपचार फसतात ते बहुतेक वेळा इथेच.

मारामागचा तर्क समजून घ्या. समजणं म्हणजे सूट देणं नव्हे. दक्षिणेकडच्या अनेक ब्लॅक घरांत मुलाला घरात कडक शिस्त लावली नाही तर बाहेरचं जग त्याला त्याहून वाईट शिक्षा करेल, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, गुन्ह्याचा संशय असलेल्या ब्लॅक मुलांचं वय कॉलेजचे विद्यार्थी सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरत होते. म्हणजे तेरा वर्षांचं पोर लोकांच्या डोळ्यांत जवळजवळ अठराचा पुरुष होतं. अशा जगात मुलगा ‘मऊ’ दिसला तर तो टिकणार नाही, असं बापाला वाटतं. मुलाच्या मेंदूत मात्र वेगळंच बसतं: माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम करणारा माणूसच मला सगळ्यात जास्त दुखावतो, आणि ते माझ्या चालण्या-बोलण्यामुळे. मोठेपणी जवळीक वाढली की धोक्याची घंटा वाजते, ती यामुळे. तुमच्या घरात तो सुरक्षित असूनही घाबरतो, याचा अर्थ तुमचं काही चुकतंय असा नाही.

चर्चचंही तसंच. नागरी हक्कांची चळवळ ब्लॅक चर्चच्या तळघरांत आणि स्वयंपाकघरांत उभी राहिली. आजी त्याला तिथंच घेऊन गेली असेल, तिथंच तो गायला शिकला असेल. आणि त्याच परंपरेतल्या एका मोठ्या पंथानं, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चनं, २००४ साली समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला आपल्या पाद्र्यांना मनाई केली. या चळवळीतला कार्यकर्ता बायर्ड रस्टिन यानं १९६३ चा मोठा वॉशिंग्टन मोर्चा उभा केला, आणि तो गे आहे म्हणून चळवळीतल्याच लोकांनी त्याला पुढे यायला अडवलं. दुसऱ्या बाजूला, गोऱ्या गे लोकांच्या वर्तुळात आणि डेटिंग ॲपवर ब्लॅक पुरुषांना सर्रास नाकारलं जातं किंवा नुसतं शरीर म्हणून मागितलं जातं. म्हणजे पूर्ण माणूस म्हणून उभं राहायला त्याला एकही जागा नव्हती. ‘ब्लॅक असण्याचा त्रास’ आणि ‘गे असण्याचा त्रास’ अशी वेगळी बेरीज करून ते समजत नाही. बॉस्टनमधल्या ब्लॅक स्त्रीवाद्यांच्या कंबाही रिव्हर कलेक्टिव्हनं १९७७ मध्ये आणि कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हेच मांडलं होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तीन गोष्टी मला तुमच्या प्रश्नावरून कळत नाहीत, आणि त्यांवर क्रम ठरतो.

पहिली, त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का. थेट विचारा. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. येत असतील तर बाकी सगळं नंतर. घरात बंदूक असेल (जॉर्जियात असू शकते) तर ती काही काळ विश्वासातल्या मित्राकडे ठेवा, निदान कुलूपबंद ठेवून किल्ली तुमच्याकडे घ्या. वाईट रात्री कुणाला फोन करायचा हे चांगल्या दिवशी बसून कागदावर लिहा: सुरुवातीच्या खुणा काय, तो स्वतः काय करेल, कुठे जाऊन बसेल, कोणते दोन मित्र, कोणता डॉक्टर. ९८८ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बहुतांश फोन बोलण्यावरच मिटतात, पण थोड्या प्रसंगी पोलीस पाठवले जातात, आणि ब्लॅक माणसासाठी दारात पोलीस येणं ही वेगळीच भीती असते. म्हणून आधीच ठरवा: फोन तुम्ही करणार की तो, आणि तुम्ही त्याच्याजवळ थांबून बोलणार का. ब्लॅकलाइन नावाची हेल्पलाइन ब्लॅक आणि क्वीअर (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) लोकांना डोळ्यांसमोर ठेवूनच चालवली जाते. तिचाही नंबर त्या कागदावर असू द्या.

दुसरी, दारू किंवा गांजा किती. झोपेसाठी रोज लागत असेल तर थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगावं लागेल. दारूनं झोप लवकर लागते, पण ती रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, आणि पहाटे तीनचं जागणं नेमकं तिथं येतं. बरीच वर्षं रोज पीत असेल तर एकदम बंद करायला सांगू नका. ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावं.

तिसरी, डोक्याला मार बसला होता का, आणि तो घोरतो का. डोक्यावरच्या जुन्या माराचे परिणाम मनाच्या आजारासारखे दिसू शकतात. झोपेत श्वास अडकण्याचा आजार ब्लॅक प्रौढांमध्ये बरेचदा निदानाविनाच राहतो, आणि त्यातही माणूस धडधडत, घामेजून उठतो. फॅमिली डॉक्टरला झोपेची तपासणी लिहून मागा. घरी लावायचं यंत्र एका रात्रीत काम भागवतं.

आता दार आपटतं तो क्षण, कारण थेरपिस्ट मिळेपर्यंत तुम्हाला तोच रोज सांभाळायचा आहे. तो गप्प होतो, नजर एका जागी, हात गार, श्वास वरच्या वर. तो तुमच्यावर रुसलेला नाही. शरीर गोठलं आहे. या वेळी ‘काय झालं, सांग ना’ हा सगळ्यात वाईट प्रश्न, कारण बोलण्याचा भाग त्या वेळी नीट चालत नाही. मागून हात लावू नका. समोरून, पण दोन-तीन हात अंतर ठेवून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. नेहमीपेक्षा हळू आणि खालच्या आवाजात त्याचं नाव घ्या, मग वार, मग जागा: ‘आज मंगळवार आहे, आपण आपल्या स्वयंपाकघरात आहोत, मी दार बंद करताना वाऱ्यानं आपटलं.’ पाय जमिनीवर दाबायला सांगा. हातात थंड डबा किंवा फ्रिजमधला बर्फाचा तुकडा द्या. श्वास ‘खोल घे’ म्हणू नका, त्यानं काहींची घुसमट वाढते. ‘हळू सोड’ म्हणा, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. तीन-चार मिनिटांत पापण्या हलायला लागतात, खांदे खाली येतात. त्यानंतर निदान वीस मिनिटं चौकशी नाही. पाणी, चहा, टीव्ही. हे सगळं एका निवांत दिवशी त्याच्याबरोबर आधी ठरवून घ्या. कुठे हात चालेल, कुठे नाही, हे त्यानं सांगायचं. मारहाण झालेल्या माणसाला कुणी न विचारता काही केलं की ती मदतही ताबा घेतल्यासारखी वाटते.

रात्रीच्या स्वप्नांसाठी एक साधी पद्धत आहे, आणि ती मूळ आठवण उकरल्याशिवाय करता येते. दिवसा, झोपण्याच्या वेळेपासून दूर, त्यानं एक स्वप्न निवडायचं. सुरुवातीला सगळ्यात भयानक नको, मध्यम घ्यायचं. ते कागदावर थोडक्यात लिहायचं, मग कुठूनही बदलायचं. चर्चचं दार उघडं आहे, तो बाहेर पडतो, बाहेर ऊन आहे, असं काहीही. बदललेलं रूप रोज १० ते २० मिनिटं डोळे मिटून पाहायचं, असे दोन-तीन आठवडे. शेवट ‘गोड’ असायची गरज नाही. त्यात निवड त्याची असली म्हणजे झालं. औषधांत प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी रात्री देतात. काहींना चांगला फरक पडतो, पण २०१८ साली माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही, म्हणून तिच्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. घेतली तर पहिल्या काही दिवसांत पलंगावरून एकदम उठायचं नाही, चक्कर येते. आघातोत्तर तणावासाठी (पीटीएसडी) अमेरिकेत मंजूर असलेली सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सिटिन ही औषधं डॉक्टर सुचवतील, आणि ती वाजवी आहेत. झोपेसाठी अल्प्राझोलॅमसारखी शामक गोळी कुणी दिली तर मात्र पुन्हा विचारा. या आजारात ती टाळावी असंच मार्गदर्शन आहे.

थेरपिस्टकडे येऊ. तीन भेटींत त्यानं सोडलं, तर तो ‘उपचारासाठी तयार नाही’ असं गृहीत धरू नका. शक्यता अशी की पन्नास मिनिटांतली तीस त्यानं ब्लॅक चर्च म्हणजे काय, आजी म्हणजे काय, गाडी चालवताना पोलीस दिसले की काय होतं, हे समजावण्यात घालवली. पैसे देऊन शिकवणी घेतल्यासारखं ते होतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत ब्लॅक लोक जेमतेम ४-५ टक्के आहेत, त्यामुळे आपल्यासारखा माणूस समोर मिळणं मुळातच अवघड. त्यात अलाबामातल्या टस्कीगीचा इतिहास आहे: १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्यसेवेनं सिफिलिस झालेल्या ब्लॅक पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसतं निरीक्षण केलं. दवाखान्यावरचा अविश्वास हा त्याचा स्वभावदोष नाही. सारख्याच लक्षणांवर ब्लॅक पुरुषांना गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा स्किझोफ्रेनियाचं लेबल लागतं, हेही दिसून आलेलं आहे. निदान सांगितलं तर ‘कशावरून’ हे विचारायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

शोध इथून सुरू करा: नॅशनल क्वीअर अँड ट्रान्स थेरपिस्ट्स ऑफ कलर नेटवर्कची यादी, इन्क्लुझिव्ह थेरपिस्ट्सची यादी, असोसिएशन ऑफ ब्लॅक सायकॉलॉजिस्ट्स. व्हिडिओवरच्या भेटीसाठी थेरपिस्टकडे जॉर्जियाचा परवाना लागतो. पण मानसशास्त्रज्ञांसाठी सायपॅक्ट नावाचा आंतरराज्य करार आहे आणि जॉर्जिया त्यात आहे. त्यातल्या दुसऱ्या राज्यातला मान्यताप्राप्त मानसशास्त्रज्ञ त्याला व्हिडिओवर पाहू शकतो. पर्याय अचानक कितीतरी वाढतात, आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. पैशांचं म्हणाल तर त्याच्या कंपनीत कर्मचारी सहाय्य योजना असेल तर काही भेटी फुकट मिळतात, पण त्या तातडीच्या मदतीसाठी ठेवा. पाच-सहा भेटींत या गोष्टी उघडून अर्धवट सोडणं बरं नाही. थेरपिस्ट विम्याच्या जाळ्याबाहेरचा असेल तर तपशीलवार पावती मागा आणि विमा कंपनीकडे भरपाईसाठी पाठवा. पाठवण्याआधी कंपनीला फोन करून किती टक्के परत मिळतं ते विचारा. विमा नसेल किंवा वापरायचा नसेल तर २०२२ पासून खर्चाचा लेखी अंदाज आधी मागायचा कायदेशीर हक्क आहे. ओपन पाथ कलेक्टिव्हमध्ये एकदाच सदस्यत्व घेतलं की साधारण ४० ते ७० डॉलरला भेट मिळते. विद्यापीठांच्या प्रशिक्षण दवाखान्यांत त्याहून कमी पडतं, आणि तिथले विद्यार्थी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करतात. ते दुय्यम समजू नका.

ब्लॅक थेरपिस्ट हवा की क्वीअर? दोन्ही मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर त्याला विचारा, कोणती गोष्ट समजावायचा त्याला जास्त कंटाळा येतो. त्याचं उत्तर हाच निकष. ब्लॅक पण चर्चनिष्ठ थेरपिस्ट त्याच्या गेपणाकडे दुखणं म्हणून बघेल, आणि गे पण गोरा थेरपिस्ट त्याच्या घराकडे मागासलेपणा म्हणून बघेल, हे दोन्ही धोके खरे आहेत. बरेच थेरपिस्ट पहिली पंधरा मिनिटं फुकट बोलतात. त्यात त्यानं हे विचारावं: लहानपणीच्या मारहाणीवर तुम्ही कोणती पद्धत वापरता आणि ती कुठे शिकलात? वर्णद्वेषाचे अनुभव उपचारात कसे धरता? मी भेटीत सुन्न झालो तर काय करता? माझा देव आणि माझं घर यांबद्दल तुमची काही आधीच ठरलेली भूमिका आहे का? शेवटच्या प्रश्नावर ‘विषारी माणसं आयुष्यातून काढलीच पाहिजेत’ किंवा ‘क्षमेशिवाय मुक्ती नाही’ असं काही आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवावा. ‘मी सगळ्यांना सारखंच वागवतो, मला रंग दिसत नाही’ हे उत्तर आलं तरी तेच.

पद्धतींबद्दल थोडक्यात. अनेक वर्षं, घरच्याच माणसांकडून झालेल्या आघाताला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ असं वेगळं निदान आहे. अमेरिकेच्या विम्याच्या कागदांवर ते अजून दिसत नाही, म्हणून थेरपिस्ट एक बोलेल आणि बिलावर दुसरं असेल, गोंधळू नका. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण १२ भेटींची, लिहिण्यावर भर असलेली. प्रोलाँग्ड एक्सपोजर ८ ते १५ भेटींची, त्यात आठवण मोठ्यानं पुन्हा पुन्हा सांगावी लागते. इएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करतात, बोलणं कमी लागतं. ज्याला शब्दच फुटत नाहीत त्याला ती सुसह्य वाटते. तिन्हींचा आधार भक्कम आहे. लवकर सुन्न होणाऱ्या माणसाबरोबर मी आधी काही आठवडे झोप आणि शरीर सावरायचं काम करते, मग आठवणी. पहिल्याच भेटीत ‘सगळं सांगून मोकळा हो’ म्हणणारा थेरपिस्ट नको. तसं सांगून माणूस मोकळा होत नाही. पुढच्या आठवड्यात येतच नाही.

एक गोष्ट इथं हमखास चुकते आणि तिच्यावर थोडं थांबते. कॉग्निटिव्ह पद्धतीत अडकलेले विचार शोधून तपासतात. ‘मी मऊ होतो म्हणून मार बसला’, ‘कुणी जवळ आलं की शेवटी दुखावतंच’ हे तपासायलाच हवेत. पण ‘रात्री पोलिसांनी गाडी थांबवली तर माझा जीव जाऊ शकतो’ हाही विचार थेरपिस्टनं त्याच टोपलीत टाकला, की ब्लॅक माणूस तिथंच संपतो. ती विकृत धारणा नाही, ते त्याच्या जगाचं वाचन आहे. म्हणून कागदाला दोन रकाने करायचे. एकात आजही खरा असलेला धोका. त्यावर उपाय म्हणजे तयारी, लोक, कायदेशीर माहिती, आणि प्रसंग संपल्यावर शरीर खाली आणण्याची सवय. दुसऱ्यात पूर्वी खरा असलेला, पण तुमच्या स्वयंपाकघरात नसलेला धोका. त्यावर आठवणींचं काम. काही गोष्टी दोन्हीत बसतात, तेवढ्यांवर चर्चा करायची. पहिल्या रकान्याची सावधगिरी काढून घेतली जाणार नाही, हे एकदा पटलं की दुसऱ्या रकान्यात हात घालायची भीती बरीच कमी होते. लहानपणीच्या प्रतिकूल अनुभवांची दहा प्रश्नांची यादी कुणी पुढे केली तर हेही लक्षात ठेवा: तिच्या मागचा १९९५ ते १९९७ चा सॅन दिएगोतला अभ्यास सतरा हजारांवर लोकांचा असला तरी बहुतेक गोऱ्या, विमाधारक मध्यमवर्गाचा होता. त्या प्रश्नांत वर्णद्वेष नाही. पुढे फिलाडेल्फियातल्या अभ्यासानं भेदभाव, दादागिरी, वस्तीतली हिंसा हे प्रश्न जोडले. त्याचा ‘गुण’ कमी आला म्हणून त्याचं दुःख कमी ठरत नाही.

आठवणींचं काम सुरू झालं की पहिल्या काही आठवड्यांत काहींना जास्त त्रास होतो: स्वप्नं वाढतात, चिडचिड वाढते. लोक इथंच सोडतात. त्याला आणि स्वतःला हे आधीच सांगून ठेवा, आणि त्या काळात घर बदलणं, नोकरी बदलणं, गावी जाणं असलं काही ठेवू नका. तुमच्या बाबतीत याचा सरळ अर्थ: आठवणींचं काम थँक्सगिव्हिंगनंतर.

गावी जायचंच असेल तर संबंध ‘ठेवायचे की तोडायचे’ असा प्रश्न घेऊन जाऊ नका. किती वेळ, कुठे, कुणासोबत, कोणत्या विषयांवर, एवढंच ठरवा. मुक्काम हॉटेलात, आईवडिलांच्या घरी नाही. ‘तिथं रात्री श्वास घ्यायला त्रास होतो’ एवढं कारण पुरे. गाडी आपली. जेवणाला दोन तास, आईजवळ वेगळा वेळ, तोही वडील घरात नसताना जमला तर बरं. निघायचा एक ठरलेला शब्द असू द्या, आणि तो उच्चारला की तुम्ही काही न विचारता उठायचं. रविवारी चर्चला चल म्हणतील. हो की नाही हे आधी ठरलेलं असावं, दारात उभं राहून नाही. तुमची ओळख कशी करून देणार, ‘मित्र’ की ‘जोडीदार’, हे त्यानं ठरवावं, आणि त्याचा निर्णय तुम्हाला झोंबला तरी त्या दोन दिवसांत वाद नको. परत आल्यावरचा एक दिवस मोकळा ठेवा. वडिलांना जाब विचारायचा असेल तर माझा सल्ला आहे की या भेटीत नको. जाब विचारून फायदा तेव्हाच होतो, जेव्हा समोरून काहीही उत्तर आलं तरी आपण उभे राहू शकतो. आईच्या आजारपणात ‘आता तरी माफ कर’ हा दबाव येणारच. आजारी आईची सेवा करणं आणि झालेल्या गोष्टी ठीक होत्या असं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करून दुसरी नाकारता येते.

देव हवा असेल तर देव ठेवूनही बरं होता येतं. कार्ल बीन यांनी १९८२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅक गे आणि लेस्बियन लोकांसाठी युनिटी फेलोशिप चर्च सुरू केलं. बिशप इव्हेट फ्लंडर यांच्या पुढाकारानं २००० साली सर्वांना सामावून घेणाऱ्या ब्लॅक चर्चचं एक जाळंच उभं राहिलं. अटलांटात अशी चर्च शोधायला फार लांब जावं लागणार नाही. काहींना नुसतं गाणं परत हवं असतं, प्रवचन नाही, तेही चालतं. आणि चर्चची पायरी पुन्हा कधीच चढायची नसेल तर तेही पूर्ण उत्तर आहे. तुम्ही कोणत्याही बाजूला ओढू नका.

तुमच्याशिवाय त्याचे निदान दोन माणसांशी जवळचे संबंध असावेत, आणि ती शक्यतो ब्लॅक आणि क्वीअर असावीत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सत्तरच्या दशकात बॉलरूमची, म्हणजे ब्लॅक आणि लॅटिनो क्वीअर लोकांच्या नाच-पेहरावाच्या स्पर्धांची, ‘हाउसेस’ उभी राहिली, तिथं घराबाहेर काढलेल्या पोरांना एक ‘आई’ आणि भावंडं मिळत. अटलांटातही हे वर्तुळ मोठं आहे. त्यानं नाचायलाच हवं असं नाही; वाचनगट, जिम, स्वयंसेवा, काहीही. त्याला हसताना किंवा चालताना स्वतःवर पहारा ठेवावा लागणार नाही, एवढीच अट.

आता तुमचा साताऱ्याचा मुद्दा. तुमचं दुःख खरं आहे, पण त्यानं सांगितल्यावर लगेच तुम्ही तुमचं सांगितलं की त्याला ऐकू येतं, ‘पुढे चल, हे सगळ्यांचंच असतं.’ त्या वेळी फक्त त्याचं ऐका; तुमचं वेगळ्या दिवशी, वेगळ्या निमित्तानं सांगा. महाराष्ट्राशी ब्लॅक लढ्याचा संबंध नक्की आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरकडे बघत. त्याला हे ऐकायला आवडूही शकतं. पण ते नातं जातीचा मार सोसणाऱ्यांनी जोडलेलं आहे. तुम्ही सवर्ण घरातले असाल तर त्याच्यासमोर ते स्वतःचं म्हणून वापरू नका. उलट आपल्या घरात जात कशी चालते हे प्रामाणिकपणे सांगा. त्यानं विश्वास जास्त वाढेल.

आणि जे तुमच्याच हातात आहे ते करा. साताऱ्याहून व्हिडिओ कॉल येतो तेव्हा आई किंवा आत्या त्याच्या रंगाबद्दल काय बोलते? मंडळाच्या गणपतीत त्याला बघून कोण गप्प होतं, कोण पर्स जवळ घेतं? त्याला मराठी येत नसलं तरी सूर कळतो. लहानपणापासून सूर ओळखूनच तो जगला आहे. असं काही झालं की तिथल्या तिथं मराठीत थांबवा: ‘आई, असं बोलायचं नाही, तो माझ्या घरचा माणूस आहे.’ मग त्याला ते काय होतं आणि तुम्ही काय म्हणालात ते जसंच्या तसं सांगा, सौम्य करून नाही. त्याच्यासाठी आजवर कुणी घरच्यांना मध्ये थांबवलेलं नाही. त्या एका वाक्याचा परिणाम मी बऱ्याच जोडप्यांत पाहिला आहे, आणि तो कोणत्याही श्वासाच्या व्यायामापेक्षा मोठा असतो.

त्याला ‘थेरपीला जा’ म्हणू नका. ‘तीन नावं काढून ठेवली आहेत, पंधरा मिनिटं तू बोल, आवडलं नाही तर पुढचं’ असं म्हणा, आणि फोन त्यालाच करू द्या. काम सुरू झालं की महिन्यातून एकदा पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी भरायची. एकूण ८० पैकी गुण येतात, आणि ३१ ते ३३ च्या वर आघातोत्तर तणावाची शक्यता धरतात. दहा-पंधरा गुणांनी उतार आला तर ती बहुधा खरी सुधारणा. आकड्याबरोबर घरातलंही बघा: दार आपटल्यावर तो किती मिनिटांत परत येतो, आठवड्यात किती रात्री पुरी झोप मिळते, तो तुमच्याशी भांडतो का. भांडायला लागला तर घाबरू नका. आधी तो सुन्न व्हायचा, आता राग दाखवायची त्याला भीती वाटत नाही. सात-आठ भेटींनंतरही आकडा आणि झोप दोन्ही जागच्या जागी असतील तर त्यानं तो कागद थेरपिस्टपुढे ठेवून सरळ विचारावं: पद्धत बदलायची, वेग कमी करायचा, की तुमच्या ओळखीत दुसरं कुणी आहे?